‘बघू’ नको, तारीख द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि लोकपाल,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई

स. न. वि. वि.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका मैदानावर गेली बावीस वर्षं मुलांना क्रिकेट शिकवतो. आपल्याशी माझा थेट संबंध कधी आला नाही आणि पुढेही येईलसं वाटत नाही. तरी हे पत्र लिहितोय ते एका मुलामुळे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये माझ्या क्लबातल्या या मुलाने टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धेत ठरवून दोन वाइड टाकले. त्याचे त्याला चार हजार रुपये मिळाले. वय एकोणीस, डावखुरा मध्यमगती गोलंदाज, वडील रिक्षा चालवायचे. कुणी पकडायच्या आधी तो स्वतःच माझ्याकडे आला आणि किटबॅग खांद्यावरून न उतरवता सगळं सांगून मोकळा झाला. मी त्याचं नाव क्लबातून काढलं. ते बरोबरच केलं, आजही मला तसंच वाटतं. निघताना त्याने विचारलं, “सर, परत कधी येऊ?”

मी म्हणालो, “बघू.”

पुढचे दोन पावसाळे तो मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. कांगा लीगचे सामने बघायचा, चिखलात चेंडू किती वळतोय ते बघायचा. आत यायचा नाही, आणि मी बोलवायचो नाही. तिसऱ्या पावसाळ्यात तो दिसेनासा झाला तेव्हा मला हायसं वाटलं. तेव्हा हायसं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

त्या ‘बघू’बद्दल हे पत्र आहे. तुरुंगात जाऊन आलेल्या, बदनाम झालेल्या खेळाडूला दुसरी संधी द्यावी का, हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी निघतो आणि दर वेळी रागाच्या किंवा कौतुकाच्या लाटेत वाहून जातो. माझं उत्तर ‘द्यावी’ असं आहे. पण ती कुणाच्या मर्जीवर नसावी, नियमात बसवलेली असावी.

१६ मे २०१३ हा दिवस मंडळातल्या कुणाला विसरता येईल असं वाटत नाही. आदल्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा आयपीएल सामना झाला आणि पहाटेपर्यंत दिल्ली पोलिसांनी राजस्थानचे तीन खेळाडू स्पॉट-फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन ठरवून धावा दिल्याच्या, आरोपावरून मुंबईतून उचलले होते : श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण. श्रीशांत म्हणजे २००७ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिसबाहचा शेवटचा झेल घेणारा. चव्हाण आमच्या मुंबईचा, रणजी खेळलेला डावखुरा फिरकीपटू. त्याच्याबरोबर मैदानांवर वाढलेली मुलं मला माहीत आहेत. त्या दिवशी आमच्या नेटवर कुणी बोलत नव्हतं. एका बारा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, “सर, म्हणजे आपण बघतो ते सगळं खोटं असतं का?” त्याला काय सांगावं ते मला सुचलं नव्हतं.

ही मंडळी तिहारमध्ये गेली ती कच्चे कैदी म्हणून. त्यांच्यावर मकोका लावला गेला, म्हणजे दाऊदच्या टोळीसारख्यांसाठी महाराष्ट्राने केलेला कायदा. श्रीशांत आणि चव्हाणला जूनमध्ये जामीन मिळाला. १३ सप्टेंबर २०१३ ला आपण दोघांवर आजन्म बंदी घातलीत. २५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या पटियाला हाउस न्यायालयाने या प्रकरणातल्या तिघा क्रिकेटपटूंसह सगळ्याच आरोपींना आरोपमुक्त केलं. बंदी मात्र तशीच राहिली.

इथे मला मंडळाची बाजूही समजते आणि ती मी मांडतो. न्यायालयातून सुटणं आणि खेळाच्या नियमांतून सुटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या देशात सामनानिश्चितीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नाही. विधी आयोगाने २०१८ साली तो गुन्हा ठरवावा असं सुचवलं, पण पुढे काही झालं नाही. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तर असं म्हटलं की हा प्रकार दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमात बसत नाही. म्हणजे मैदानावरच्या लबाडीला या देशात खरी शिक्षा देणारं आपलंच मंडळ. तपास आपला, निकाल आपला, शिक्षाही आपली. एवढं सगळं एका हातात असताना त्या हाताने जास्त जपून वागायला हवं होतं.

आपल्याच नियमावलीत अशा गुन्ह्याला ५ वर्षांपासून आजन्मापर्यंत बंदीचा पल्ला दिलेला आहे. दोष वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबी तोलून त्यातली शिक्षा ठरवायची असते. श्रीशांतच्या बाबतीत ते तोललंच गेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१९ ला सांगितलं. न्यायालयाने दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण शिक्षेचा फेरविचार करायला लावला. मग मंडळाचे तेव्हाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी बंदी सात वर्षांवर आणली. ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. ११ जानेवारी २०२१ ला श्रीशांत केरळकडून मुश्ताक अली स्पर्धेत उतरला तेव्हा तो अडतिसाव्या वर्षाला टेकला होता. सामना मुंबईतच होता. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, त्याने निवृत्ती घेतली.

अंकित चव्हाणची बंदीही सात वर्षांवर आली. पण त्यासाठी त्याला अर्जविनंत्या कराव्या लागल्या आणि आपलं पत्र आलं २०२१ च्या जूनमध्ये. सात वर्षं मोजली तर ती केव्हाच उलटून गेली होती. सत्ताविसाव्या वर्षी गेलेला मुलगा पस्तिसाव्या वर्षी मोकळा झाला. फिरकी गोलंदाज नेमका याच काळात पिकतो, हे आपल्यापैकी जे खेळले आहेत त्यांना मी सांगायला नको.

सात वर्षं जास्त की कमी, यावर मी भांडत नाही. कदाचित सातच योग्य असतील. माझं भांडण आहे ते त्या सातपैकी जवळजवळ सहा वर्षं त्यांना ती सात आहेत हे माहीतच नव्हतं याच्याशी. ज्याला शिक्षा झाली आहे तो दिवस मोजतो. तुरुंगातला कैदीसुद्धा मोजतो. तारीख माहीत असलेला माणूस पहाटे उठून धावायला जाऊ शकतो, शरीर राखू शकतो, दुसरं काम शिकू शकतो. तारीख नसलेला माणूस कट्ट्यावर बसतो.

आणि याच प्रकरणातलं दुसरं टोक बघा. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना प्रत्येकी दोन वर्षांसाठी निलंबित केलं. संघांशी जोडलेल्या बड्या मंडळींनी सट्टा लावल्याचं ते प्रकरण होतं. त्या व्यक्तींवर आजन्म बंदी आली हे खरं. पण संघांना पहिल्या दिवसापासून तारीख माहीत होती. दोन मोसम त्यांच्या जागी पुणे आणि गुजरात खेळले. गहुंजेला पुण्याचे सामने बघायला मी आमच्या मुलांना घेऊन गेलो होतो. २०१८ मध्ये दोन्ही संघ परतले आणि त्याच वर्षी चेन्नईने वानखेडेवर करंडक उचलला. स्टेडियम पिवळंधमक झालं होतं. लोकांनी त्या संघाला माफ केलं, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, की जे पिवळा झेंडा घेऊन आले त्यांच्या मनात संघासाठी दोन वर्षांनंतर जागा होती, तर माणसासाठी आजन्म का नाही?

ही सवय जुनी आहे. सामनानिश्चितीच्या आरोपावरून अझरुद्दीनवर डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी आली आणि ती आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द केली, तेव्हा तो पन्नाशीला आला होता. अजय जडेजाची पाच वर्षांची बंदी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून सुटली. आणि मग श्रीशांत सर्वोच्च न्यायालयातून. तीन वेळा दार उघडलं आणि तिन्ही वेळा ते न्यायाधीशांनी उघडलं. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत त्याला परतीचा रस्ता, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला ‘बघू’. रणजीच्या राखीव खेळाडूने दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात कसं जायचं?

आता शेजारच्या देशाकडे बघू. लोक या विषयात पहिलं नाव घेतात ते पाकिस्तानच्या वेगवान गोलंदाजाचं, मोहम्मद आमिरचं.

ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर आमिर अठरा वर्षांचा होता. त्या डावात त्याने सहा बळी घेतले. तसा स्विंग त्या वयात मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिलेला नाही. आणि त्याच डावात त्याने ठरवून दोन नो-बॉल टाकले, त्यातल्या एका चेंडूला पाय क्रीजच्या इतका पुढे होता की प्रेक्षकांतून बघणाऱ्यालाही दिसावा. आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, त्याला पाच वर्षांची बंदी घातली. लंडनच्या साउथवर्क न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला सहा महिन्यांची, मोहम्मद आसिफला एक वर्षाची आणि कर्णधार सलमान बटला अडीच वर्षांची कैद दिली. आमिरने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. न्यायाधीशांनी त्याचं वय, त्याचं खेड्यातलं बालपण आणि कर्णधाराचा त्याच्यावरचा प्रभाव हे सगळं मोजलं, आणि तरीही आत पाठवलं. मला तो निकाल बापासारखा वाटतो. शिक्षाही केली आणि मुलाचं वयही पाहिलं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये तो सुटला. २०१४ मध्ये आयसीसीने नियम बदलला : ज्याने कबुली दिली, तपासाला मदत केली, त्याला बंदी संपण्याआधी काही महिने देशांतर्गत क्रिकेट खेळू द्यायचं. त्या नियमाने आमिर २०१५ च्या सुरुवातीला मैदानावर आला. आधी छोट्या मैदानावर, रिकाम्या गॅलरीपुढे. आंतरराष्ट्रीय सामना त्याला मिळाला जानेवारी २०१६ मध्ये.

त्याआधी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय शिबिरात मोहम्मद हफीज आणि अझर अली यांनी त्याच्यासोबत सराव करायला नकार दिला होता. ते चुकले असं मी म्हणणार नाही. ज्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांचा राग खरा असतो. त्यांची समजूत काढली गेली आणि ते शिबिरात आले. दीड वर्षाने, जून २०१७ मध्ये ओव्हलवर चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात, ते दोघेही आमिरबरोबर त्याच अकरांत होते. रोहित शर्मा तिसऱ्याच चेंडूवर पायचीत. मग कोहलीचा झेल स्लिपमध्ये अझर अलीच्याच हातून सुटला, आणि पुढच्याच चेंडूवर कोहली पॉइंटला झेल देऊन परतला. शिखर धवनही आमिरनेच घेतला. आपण १८० धावांनी हरलो. त्या संध्याकाळी मी चहा न घेता टीव्ही बंद केला, आणि तरी मनात आलं की या मुलाला परत घेणाऱ्यांनी बरोबर केलं.

पण त्यात एक गोष्ट मला खुपते, आणि तीच मला आपल्यापुढे मांडायची आहे. आमिर परतला तो त्याच्या मनगटात जादू होती म्हणून. आसिफही शिक्षा भोगून बाहेर आला, देशांतर्गत खेळलाही, पण पुन्हा पाकिस्तानकडून उतरला नाही. वय झालं होतं, हे एक कारण. जर माफी बळींच्या हिशेबाने मिळणार असेल तर ती माफी नव्हे, निवड आहे. ज्याच्याशिवाय संघाचं अडतं त्याला परत बोलवायला मोठं मन लागत नाही. मोठं मन लागतं ते ज्याची कुणाला गरज नाही त्याला.

इंग्लंडमध्ये असं एक उदाहरण मी मनात जपून ठेवलंय. ख्रिस लुइस आठवतो का? १९९३ मध्ये मद्रासला त्याने आपल्याविरुद्ध ११७ धावा केल्या होत्या, त्याचं एकमेव कसोटी शतक. डिसेंबर २००८ मध्ये गॅटविक विमानतळावर तो पकडला गेला, फळांच्या रसाच्या डब्यांत द्रवरूप कोकेन घेऊन. तेरा वर्षांची शिक्षा झाली, २०१५ मध्ये बाहेर आला. वय सत्तेचाळीस, खेळायचा प्रश्नच नव्हता. कुणाला त्याचा उपयोग नव्हता. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने, प्रोफेशनल क्रिकेटर्स असोसिएशनने, त्याला काउंटीच्या तरुण मुलांपुढे उभं केलं, काय झालं ते सांगायला. एसेक्सचा मर्विन वेस्टफील्डही तसाच. सहा हजार पौंड घेऊन एका षटकात बारा धावा देण्याचं त्याने कबूल केलं होतं, गेल्या दहा. चार महिन्यांची शिक्षा आणि पाच वर्षांची बंदी झाली. पुढे तोही संघटनेच्या भ्रष्टाचारविरोधी शिकवणीत सामील झाला आणि क्लब क्रिकेट खेळण्याची परवानगी त्याला बंदी संपण्याआधी मिळाली. आपल्याकडे नव्या मुलांना बुकीबद्दल माहिती देणारे अधिकारी येतात, पडद्यावर काहीतरी दाखवतात आणि जातात. मुलं मागच्या रांगेत मोबाइल बघत असतात. तिथे पैसे घेतलेला माणूस बोलायला उभा राहिला तर मोबाइल खाली जातील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझ्याशी वाद घालणारे एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. संघात जागा अकराच. एकाला दुसरी संधी म्हणजे दुसऱ्याची पहिली संधी गेली. ज्या मुलाने कधी पाच पैसे घेतले नाहीत, त्याने बाकावर का बसायचं? मला या प्रश्नाने रात्री जागवलंय, कारण अशी मुलं माझ्याकडे दहापट आहेत. माझं म्हणणं इतकंच, की परत येणाऱ्याला जागा देऊ नका, रांग द्या. त्याने जिल्ह्याच्या, क्लबच्या क्रिकेटपासून सुरुवात करावी, तिथे बळी घ्यावेत, रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहावं. पहिली दोन वर्षं आयपीएलच्या लिलावात त्याचं नाव असू नये. प्रामाणिक मुलाला राग याचा येत नाही की दुसरा परत आला. त्याला राग येतो तो याचा, की परत येणारा मोठा खेळाडू असेल तर मागच्या दाराने येतो.

काही जागा मात्र मी त्यांना देणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानच्या मंडळाने सलमान बटला निवड समितीच्या प्रमुखाचा सल्लागार नेमलं आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती नेमणूक मागे घेतली. नेमायलाच नको होतं. अठरा वर्षांच्या मुलाला त्या वाटेवर नेणारा कर्णधार उद्या कुणाची निवड करणार? खेळणं हे कष्टाचं काम आहे, ते त्याला करू द्यावं. दुसऱ्यांचं भविष्य ठरवणारी खुर्ची वेगळी. आणि खून किंवा बाईवरचा अत्याचार असे गुन्हे या पत्राच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं म्हणणं आधी यायला हवं, माझं किंवा आपलं नव्हे.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. बंदीचा आदेश काढाल त्याच कागदावर परतीची तारीख लिहा, आणि त्याआधी काय काय करायचं तेही लिहा. ज्याने पकडलं जाण्याआधी सांगितलं त्याला कमी, ज्याने पकडल्यावर सांगितलं त्याला थोडी जास्त, ज्याने शेवटपर्यंत नाकारलं त्याला सर्वांत जास्त, हे आधीच जाहीर करा. माझ्या क्लबातला तो मुलगा आपणहून आला होता, आणि मी त्याला पकडलेल्या चोराइतकीच शिक्षा केली. त्यातून माझ्या बाकीच्या मुलांनी काय धडा घेतला असेल? गप्प बसा, हाच. बंदी संपली की खेळाडूला अर्ज करायला लावू नका, पत्र आपण पाठवा, त्याच्या राज्य संघटनेला आणि त्याला, त्याच दिवशी. आणि नियम राष्ट्रीय खेळाडूला आणि जिल्ह्याच्या खेळाडूला एकच ठेवा. मुलांना बिनचेहऱ्याचा अधिकारी नको, परत आलेला खेळाडू समोर दिसू द्या.

२०२१ मध्ये चव्हाणची बातमी वाचली आणि त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. पाच वर्षांनी. तो पाण्याच्या टँकरवर कामाला होता. आईने ओळखलं, पाणी दिलं, बोलली काही नाही. मी त्याला म्हणालो, ये. तो म्हणाला, “सर, आता खांदा वर जात नाही. पोरांना गोलंदाजी टाकायला येईन.” आता तो रविवारी येतो. नवीन मुलगा नेटवर आला की पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन त्या दोन वाइडचं सांगतो, मी सांगितलेलं नसताना. एका पालकाने त्यामुळे आपला मुलगा काढून घेतला. मी त्यांना थांबवलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

त्याच्याकडून गेलेले पाच मोसम मला परत देता येत नाहीत. आपल्या हातात असे किती मोसम आहेत, याची यादी आपल्या कार्यालयात असेलच. या पत्राची प्रत मुंबई क्रिकेट असोसिएशनलाही पाठवत आहे. उत्तराची वाट पाहीन.

कळावे,

आपला,
उपनगरातल्या एका मैदानाचा प्रशिक्षक